बेडकाची डावी बाजू

ताईंचा डबा जसाच्या तसा परत आला, तेव्हा मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. सव्वीस वर्षं रोज तोच डबा घेऊन त्या संग्रहालयात नोकरीला जात होत्या आणि सव्वीस वर्षांत त्यांनी डब्यात कणसुद्धा शिल्लक ठेवला नव्हता. ताप असला तरी जेवायच्या, माझ्याशी भांडण झालं असलं तरी जेवायच्या. सासूबाई गेल्या त्या दिवशीही दुपारी ताट घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पोटाला काय माहीत कोण गेलं ते." अशी बाई डबा न उघडता आणते, ओट्यावर ठेवते आणि एक शब्द न बोलता आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घेते, तेव्हा भावजयीनं काय समजायचं?

"जरा विचारा ना काय झालं ते," मी नवऱ्याला म्हटलं.

"तू विचार. तुझ्याशी बोलते ती."

"माझ्याशी बोलत नाहीत, मला बोलतात. तुमची सख्खी बहीण आहे, तुम्ही जा."

त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. या घरात कठीण कामं माझ्या वाट्याला कशी येतात, ते असं.

ताईंना मी ताई म्हणते, कारण लग्नानंतर पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की वन्सं वगैरे म्हणालीस तर ओ देणार नाही. त्यांनी लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, त्यामुळे आमचं बरं चाललं. खाली सासऱ्यांचं लाँड्रीचं दुकान, वर आमचं घर. दुकानाच्या मागच्या खिडकीशी, भरपूर उजेडात, ताई शाळा संपल्यापासून रफूला बसायच्या. सिगारेटनं जळालेले कोट, कसर लागलेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी. रफू करायचं तर त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून दोरे काढायचे आणि भोकावर उभे-आडवे विणत जायचं. म्हणून काढलेला दोरा कधी फेकायचा नाही, ही सवय ताईंच्या हाडीमासी भिनलेली. सुटी बटणं ठेवायच्या पत्र्याच्या छोट्या डब्यांत त्या दोरे भरून ठेवायच्या, वर चिठ्ठी लावून.

सासऱ्यांची दुसरी शिस्त डागांची होती. आलेला कपडा आधी उजेडात धरायचा आणि डाग कसला आहे ते ठरवायचं. शाईचा, गंजाचा, तेलाचा, रक्ताचा. प्रत्येकाचं औषध वेगळं. डाग ओळखायच्या आधी कोणी त्याला हात लावला, तर सासरे गिऱ्हाइकांसमोर ओरडत. तो ओरडा मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात खाल्ला. ताईंनी जन्मात कधी खाल्ला नव्हता.

एकदा संग्रहालयातून एका सैनिकाचा दोनशे वर्षांपूर्वीचा कोट रफूला आला. ताईंनी तो असा केला की नंतर फोटो काढणाऱ्याला भोक कुठे होतं ते सापडेना, आणि ते दाखवायला ताईंनाच बोलावून न्यावं लागलं. तिथे त्यांच्या बोटांकडे डॉक्टरबाईंचं लक्ष गेलं. या डॉक्टरबाई आजारी माणसांच्या नाहीत, दगडांच्या. दगडांत सापडणारी हाडं, शिंपले, पानं तपासतात. तेव्हा त्या नुकत्याच कामाला लागल्या होत्या. त्यांनी ताईंच्या हातात सुई दिली, पुढे एक दगड ठेवला आणि सांगितलं की यात एक शिंपला आहे, तो सोडून बाकी सगळं काढा. ताईंना त्याला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी त्या नोकरीवर होत्या.

मी या नोकरीची खूप थट्टा केली, ते कबूल करते. पाहुणे आले की मी सांगायचे, "ताई दात घासायला जातात. मगरीचे." ताई हसायच्या नाहीत आणि चिडायच्याही नाहीत. कधीकधी जेवताना सांगायच्या की आज माशाचं एक खवलं मोकळं झालं. दिवसभरात एक खवलं. आमच्या दुकानात तेवढ्या वेळात शंभर शर्टांना इस्त्री होते.

तर त्या साली ताईंच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. संग्रहालयात एक नवं दालन उघडायचं होतं आणि दालनाच्या मधोमध एक बेडूक बसणार होता. कुठल्याशा खाणीत पाटीसारख्या दगडाची लादी फुटली आणि आत पूर्ण बेडूक निघाला, चार कोटी वर्षांपूर्वीचा. तो साफ करायचं काम ताईंकडे आलं, बरोबर डॉक्टरबाईंची 'स्वच्छ करणे' अशी चिठ्ठी. डॉक्टरबाईंनी कबूल केलं होतं की या वेळी काचेखालच्या पाटीवर ताईंचं नाव लावायचं.

यात काय मोठंसं, असं मला आधी वाटलं. मग ताईंनीच एकदा सांगितलं. पाटीवर ज्याला वस्तू सापडली त्याचं नाव असतं, जिनं ती ओळखली तिचं असतं, ज्यानं काच दान दिली त्याचंसुद्धा असतं. साफ करणारीचं नसतं. सव्वीस वर्षांत ताईंच्या हातून चारशेवर वस्तू वरच्या दालनांत गेल्या आणि एकीखालीही त्यांचं नाव नव्हतं. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, पण त्याच आठवड्यात त्या बाजारात गेल्या आणि उद्घाटनासाठी नव्या चपला घेऊन आल्या. अडीच महिने आधी. खोका कपाटावर ठेवला होता. मी पाहिला आणि पाहिला नाही असं दाखवलं.

आणि आता हा भरलेला डबा.

दुसऱ्या दिवशी ताई डबा न घेताच गेल्या. दुपारी मी दुकान नवऱ्याच्या गळ्यात टाकलं आणि डबा घेऊन निघाले. ताई संग्रहालयाच्या तळघरात बसतात; सव्वीस वर्षांत मी तिथे दोनदा गेले होते, तेही दारापर्यंत.

लोखंडी जिना उतरला की ओल्या मातीचा आणि डिंकाचा वास येतो. छताखालून जाड नळ गेलेले. भिंतीत अगदी वर एक आडवी खिडकी, ती बाहेर फूटपाथच्या पातळीला उघडते, त्यामुळे आत बसून दिवसभर लोकांचे फक्त पाय दिसतात. लांब टेबलावर वाळूच्या छोट्या उशा आणि त्यांवर निजवलेले दगड. बुचात खोचलेल्या सुया, केसांएवढे ब्रश, पातळ डिंकाची बाटली. मधोमध दोन डोळ्यांचा सूक्ष्मदर्शक आणि त्याच्यापुढे, हात मांडीवर ठेवून, ताई.

मला बघून त्या दचकल्या नाहीत. "बस," म्हणाल्या. "डब्याचं नाव काढू नकोस. हे बघ."

मी खुर्चीवर बसून डोळे लावले. आधी नुसता उजेड दिसला. मग ताईंनी एक चाक जरासं फिरवलं आणि बेडूक आला.

तो पोटावर पसरून झोपल्यासारखा होता. हाडं तपकिरी, काही तर सुईपेक्षा बारीक. पाठीचे मणके मोजून घ्यावेत इतके सुटे सुटे. हाडांचा खेळ म्हणून मी ज्याची चेष्टा करत आले, ते हे.  

"मेला कशानं?" मी शेवटी विचारलं.

"ते कोणाला माहीत. म्हातारा होऊन मेला असेल, नाहीतर आजारानं. मेल्यानंतरचं मात्र सगळं माहीत आहे." ताईंचा आवाज जरा सैल झाला. कामाबद्दल बोलताना तो नेहमीच व्हायचा. "तळं होतं. खोल. वर ऊन, किडे, मासे, सगळं होतं. खाली तळाशी मात्र गार आणि काळोख. पाण्यात हवा विरघळलेली असते ना, जिच्यावर मासे जगतात, ती तळाशी नव्हती. त्यामुळे तिथे कोणी राहतच नव्हतं. खेकडा नाही, किडा नाही. हा मेला आणि बुडाला. उथळ पाण्यात मेला असता तर फुगून वर आला असता, तरंगत तरंगत सुटा झाला असता. पाय एकीकडे, डोकं दुसरीकडे. हा पार तळाला गेला, गार पाण्यात फुगलाच नाही. पडला तसा पडून राहिला आणि त्याला खायला कोणी आलं नाही."

"मग?"

"मग वरून गाळ पडत राहिला. पिठापेक्षा बारीक. वर्षाला कागदाएवढा एक थर." त्यांनी दगडाची कड माझ्यापुढे केली. तिथे खरंच कागदाच्या गठ्ठ्यासारख्या रेघा होत्या. "ही एक रेघ म्हणजे एक वर्ष. हाडांना बारीक भोकं असतात. त्यांत पाणी मुरलं, पाण्यातले क्षार मागे राहिले, आणि हाड आतून भरत भरत दगड झालं. वर थरांचं ओझं वाढत गेलं. तुझ्या इस्त्रीनं काय दाब द्यावा असा दाब. चिखल होता त्याची पाटी झाली. तळं आटलं, वर जंगल वाढलं, तेही गेलं. हा आत होता तसाच."

मी त्या रेघांवरून बोट फिरवलं. माझं लग्न होऊन तीस वर्षं झाली होती. ती सगळी या दगडात माझ्या नखाच्या रुंदीपेक्षा कमी भरली असती. सासरे, सासूबाई, दुकान, आमची भांडणं, सगळ्यासकट.

"ताई, मग आपलं का नाही होत असं?"

"आपल्याला खाणारे फार," त्या म्हणाल्या. "मुंग्या, किडे, ऊन, पाऊस. जे मेलं ते संपतं, हीच रीत आहे. अशा कोट्यवधी बेडकांतला एखादा चुकून राहतो. त्यातलाही एखादाच कोणाला सापडतो. आपण त्या तळ्याबद्दल जे काही जाणतो ते अशा चुकून राहिलेल्यांकडून."

"आणि कातडी? मांस? ते तर कुजलं असेल."

 खिडकीतून कोणाच्या तरी पायांची जोडी गेली, मग दुसरी गेली.

"मलाही तसंच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी दगडाखालची वाळूची उशी हलक्या हातानं सरकवली. "आता उजवा पाय बघ. मागचा."

पायाच्या हाडांभोवती काळपट तपकिरी डाग होता. चहा सांडून वाळल्यासारखा. मी तेच म्हणाले.

"कडेकडेनं बघत जा," ताई म्हणाल्या. "घाई करू नकोस. कापड बघतेस तसं बघ."

मी बघत गेले. डाग मांडीशी रुंद होता, गुडघ्याशी अरुंद झाला, पोटरीशी पुन्हा फुगला. सांडलेलं पाणी असं वागत नाही. ते वाट फुटेल तिकडे पसरतं. हा डाग पायाच्या बरोबरीनं चालला होता. मग पाऊल आलं, पाच लांब बोटं, आणि बोटांच्या मधे तो डाग ताणून बसवलेल्या झिरझिरीत कापडासारखा होता. प्रत्येक दोन बोटांमधे आत वळलेली कड. एका ठिकाणी त्याला बारीकशी चुणी पडली होती.

माझ्या अंगावर काटा आला. बेडकाच्या बोटांमधला पडदा मी पाहिलेला आहे. आमच्या मागच्या नळाशी बेडूक येतात, उन्हात सापडला तर संध्याकाळपर्यंत त्याचं वाळलेलं साल होतं आणि दुसऱ्या दिवशी तेही नसतं. इतकी नाजूक ती वस्तू. ती इथे होती, चुणीसकट.

"हे त्याचं कातडं आहे," ताई म्हणाल्या. "तळाशी जंतूंनी त्याच्यावर साय धरली, सायीखाली ते झाकलं गेलं आणि जागच्या जागी कोळसा होऊन राहिलं. कागदापेक्षा पातळ. रंगवलेलं नाही, ठसा नाही. तेच कातडं."

मी किती वेळ बघत होते कोणास ठाऊक. मान अवघडली तेव्हा ताई म्हणाल्या, "आता डावीकडे बघ."

डावीकडे हाडं सुबक, मोकळी, आणि भोवती राखाडी दगड लख्ख.

"ही बाजू किती छान स्वच्छ आहे," मी म्हणाले.

यापेक्षा वाईट काही मला सुचलं नसतं. ताईंनी टेबलाचा खण ओढला. आत पत्र्याच्या नऊ डब्या ओळीनं ठेवलेल्या, आमच्या दुकानातल्या बटणांच्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, तारीख आणि जागा. डावी मांडी. डावी पोटरी. डावं पाऊल. डावी कूस. मी एक उघडली. आत चिमूटभर काळी पूड होती.

"नऊ दिवस," ताई म्हणाल्या. "इतकी वर्षं चुनखडीतले शिंपले केले, मगर केली, त्यांच्यावर असा डाग असतो तो पाण्याबरोबर मुरलेल्या गंजाचा. तो काढायचाच असतो. मी दुरून बघितलं आणि म्हटलं, गंज. भिंगाखाली धरून ओळखला नाही. काढायला बसले. काल उजवीकडे वळले आणि बोटांमधे पडदा दिसला."

"अहो, पण तुम्हाला काय स्वप्न पडलं होतं? डॉक्टरबाईंनीच ना चिठ्ठीत लिहिलं होतं स्वच्छ करा म्हणून?"

"काय स्वच्छ करायचं ते हाताला कळायला पाहिजे होतं." त्यांनी डबी मिटून तिच्या जागी परत ठेवली.  "चार कोटी वर्षं ज्याला कोणी खाल्लं नाही, त्याला मी नऊ दिवसांत संपवलं. बाबा असते तर काय म्हणाले असते?"

मला ते माहीत होतं. 

त्या दुपारीच ताई सांगायला वर गेल्या. मला बरोबर चल म्हणाल्या नाहीत, पण जिन्याशी थांबून मागे बघितलं, म्हणून मी गेले. संग्रहालयाच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत डॉक्टरबाई बसल्याच होत्या. ताईंनी जे झालं ते चार वाक्यांत सांगितलं, त्यातलं एकही वाक्य स्वतःच्या बाजूचं नव्हतं. डॉक्टरबाई उठून तळघरात गेल्या आणि पाव तासानं परत आल्या. डोळे लाल होते.

"मी ही लादी खाणीवर हातात घेतली होती," त्या म्हणाल्या. "मलाही दिसलं नाही. 'स्वच्छ करणे' मी लिहिलं."

"ओळखायचं काम माझं होतं," ताई म्हणाल्या.

साहेब भला माणूस. त्यांनी ताईंना पाणी दिलं, खुर्ची दिली. मग म्हणाले, "उद्घाटन तीन आठवड्यांवर आलंय. बेडकाचे फलक छापून झालेत. तुम्ही मुळात रफूच्या ना? उजवीकडे नमुना आहेच. त्याच्यावरून डावीकडे भरून टाका. तुमच्या हातचं कोणाला कळणार आहे? पाटीवर तुमचं नाव ठरलंय, तेही तसंच राहील."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर. ताई म्हणाल्या, "सोमवारी सांगते."

खरं सांगू? मला साहेबांचं पटलं. रविवारी दुकान बंद असतं. जेवणं झाल्यावर मी खाली आले तर ताई इस्त्रीच्या टेबलाशी बसलेल्या. समोर तळघरातल्या कचऱ्यातली एक कोरी दगडी पाटी, काजळी, पातळ डिंक आणि सगळ्यात बारीक ब्रश. त्यांनी मान वर न करता काम चालू ठेवलं. तासाभरात त्या दगडावर बेडकाचं पाऊल आलं. बोटांमधे पडदा आला. पडद्याची आत वळलेली कडसुद्धा आली, आणि शेवटी एका ठिकाणी, केसाएवढी, चुणी.

मी भिंग घेऊन बघितलं. मला फरक कळेना. दोन दिवसांपूर्वी अंगावर काटा आणणारं जे होतं, तेच हे.

"ताई, करून टाका," मी म्हटलं. "सव्वीस वर्षं खाली बसलात. एक पाटी तुमच्या नावाची लागू दे. कोणाचं काय जातंय?"

"छान झालंय ना?"

"हुबेहूब."

"हो," त्या म्हणाल्या. "पण यात बेडूक कुठंय?"

मी भिंग खाली ठेवलं.

"हे मी केलं. काजळी आपल्या बंबाची आहे. कोटाला रफू केलं तर तो घालता येतो, माणूस थंडीत वापरतो, म्हणून ते खोटं चालतं. हा कोणी घालणार नाहीये. लोक याच्याकडे येणार ते एवढ्यासाठीच की हा खरोखर तिथे होता." त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि पाटी पुसली. एका फटक्यात पाऊल गेलं. "बघ. माझं एवढंच टिकतं."

मला रडू आलं. कशाचं, ते नीट सांगता यायचं नाही. काही त्यांच्यासाठी आणि काही त्या बेडकासाठी, ज्याची मी महिनाभर टिंगल केली होती. ताईंनी फडकं माझ्याकडे सरकवलं, मग त्यावर काजळी आहे हे लक्षात येऊन परत ओढून घेतलं.

सोमवारी त्यांनी साहेबांना सांगितलं की डावी बाजू उघडीच राहू दे आणि काय झालं ते पाटीवर लिहू या. साहेबांनी बरंच समजावलं. डॉक्टरबाई ताईंच्या बाजूनं बोलल्या तेव्हा ते थकले आणि म्हणाले, ठीक, चूक लिहू, पण मग नाव नको. उगाच तुमची बदनामी कशाला? हे त्यांनी मनापासून सांगितलं. चूक संग्रहालयाची म्हणून राहील, कोणाची ते कोणाला कळायचं नाही, आणि ताई निवृत्त होऊन मानानं घरी जातील. ताई म्हणाल्या, "नाव लावायचं ठरलंय ना? मग लावा."

त्या रात्री घरी आमच्या ह्यांनी या बाबतीत पहिल्यांदा तोंड उघडलं. "असं नाव लावून घेणारी माणसं जगात दोनच," ते म्हणाले. "एक ही आणि दुसरे आपले बाबा." ताईंनी वर बघितलं नाही, पण मला वाटतं त्यांनी ते ठेवून घेतलं.

उद्घाटनाच्या दिवशी ताईंनी नव्या चपला घातल्या. अडीच महिने खोक्यात राहून त्या कडक झाल्या होत्या आणि पहिल्याच जिन्यात चावायला लागल्या. दालन भरलेलं होतं. भाषणं झाली, ती मी ऐकली नाहीत. गर्दी जरा पांगल्यावर मी काचेपाशी गेले.

बेडूक उभ्या लादीत, दिव्याखाली. उजवीकडे मांडी, पोटरी, पडदा, काळ्या धुरासारखं पण नीट कडेचं अंग. डावीकडे नुसती हाडं आणि राखाडी दगड. वर भिंग बसवलेलं, हवं तिकडे सरकवता येईल असं. खाली, लादीच्या पायाशी, पत्र्याच्या नऊ डब्या झाकणं काढून ओळीनं मांडलेल्या, ताईंच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. आमच्या दुकानाच्या बटणांच्या डब्या अशा जागी बसतील असं सासऱ्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला हाकलून दिलं असतं.

पाटीवर शेवटी लिहिलं होतं: उजव्या बाजूला दिसते ती या बेडकाची मूळ त्वचा. डाव्या बाजूची त्वचा गंजाचा डाग समजून साफ करताना निघाली. ती खालच्या डब्यांत आहे. आणि त्यापुढे, साफ करणारी म्हणून, ताईंचं पूर्ण नाव. मी ते दोनदा वाचलं. तीस वर्षांत ते असं छापलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

माझ्या शेजारी एक वयस्क जोडपं होतं. बाई भिंगातून उजवीकडे बघत होत्या. "यात काय, डाग आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पाटी वाचली. भिंग डावीकडे सरकवलं. पुन्हा उजवीकडे आणलं. पुन्हा डावीकडे. मग खाली वाकून त्या काळ्या पुडीकडे बघत राहिल्या आणि नवऱ्याचा हात धरला.

"अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे कातडं आहे त्याचं. खरंखुरं. बोटांमधलंसुद्धा."

नवरा वाकला. मागे उभे असलेलेही वाकले. भिंगासाठी रांग लागली आणि जो तो उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे भिंग नेत होता. नुसती उजवी बाजू असती तर यांतले निम्मे डाग म्हणून पुढे गेले असते. मी गेले असते.

ताई खांबापाशी, एका पायावर भार देऊन उभ्या होत्या. दुसऱ्या पायातली चप्पल काढलेली. त्या रांगेकडे बघत होत्या, बराच वेळ. मी जवळ जाऊन उभी राहिले. काहीतरी बोलावं असं फार वाटत होतं, पण जे सुचलं ते सगळं नेहमीच्या थट्टेतलं होतं आणि या जागी ते चालणार नव्हतं.

"चपला चावतायत," ताई म्हणाल्या.

"घरी काढा आता."

"डबा आणलायस का?" त्यांनी विचारलं. "मला भूक लागलीय."